डाव्या हाताचा समुद्र

"चित्राची काच काळी पडलीय, पुसून जात नाही," असा व्यंकोजीकाकांचा फोन आला, म्हणून रत्नाकर दुपारी चेन्नईतल्या एग्मोरला त्यांच्या घरी निघाला. स्टेशनच्या जिन्यावर झोळीचा पट्टा तुटला. तिथंच गाठ मारून त्यानं ती खांद्याला अडकवली. चित्रकलेचं कॉलेज अर्धवट सोडल्यापासून काकांना तो खिळे ठोकण्यापुरताच आठवायचा.

चित्र सुनीतीचं, काकांच्या मुलीचं. शिसपेन्सिलीनं काढलेलं: वाळूत पाठमोरे उभे काका, पुढे समुद्राची कोरी जागा.

सुनीती डावखुरी. या घरात डावा हात म्हणजे विटाळ. लहानपणी काका तो ओढणीनं खुर्चीला बांधत आणि घरची थोर मंडळी त्याला वळण म्हणत. मोठी झाल्यावर डाव्या हातानं चित्र काढायला ती सकाळी गुपचूप बेझंटनगरच्या किनाऱ्यावर जायची. सुनामीच्या रविवारीही गेली. "चल ना रे," म्हणाली होती. रत्नाकर कूस बदलून झोपला. ती परतलीच नाही.

तो काकांच्या घरी पोचला आणि वीज गेली. पंखा थांबला तसा खोलीत ओल्या वाळूचा वास जाणवला. त्यानं चौकट खिडकीशी नेली.

"काका, समुद्र कोरा होता ना?"

"होता... हळूहळू भरतोय." काकांचा आवाज बसला होता. "तू चित्रकला शिकलायस ना... सांग. रागानं काढलंय का?"

काकांच्या आकृतीवरच्या रेषा उजव्या हाताच्या, उजवीकडे कललेल्या. कागद फाटेल इतक्या दाबलेल्या.

"हे तुमच्यासमोर बसून काढलेलं. यात भीती आहे. तुमची."

पण लाटांच्या रेषा डावीकडे झुकत होत्या. हलक्या, मोकळ्या, कुठंही खोडलेलं नाही. पाणी आकृतीच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं.

"समुद्रात राग नाही," रत्नाकर सावकाश म्हणाला. "मजेत काढलाय. घाई नाही तिला..."

"मग बरं," काका रडू लागले. "मग बरं..."

एवढ्यावर सुटले काका! रत्नाकरच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं खिळे उपसून काच काढली. काळा डाग आतल्या बाजूला होता. लिहिताना-काढताना डावखुऱ्याचा हात रेषांवरून घासत जातो, त्या तळहाताच्या कडेचा.

डागानं झाकलेला कोपरा आता उघडा पडला. काकांच्या शेजारी आणखी एक पाठमोरी आकृती होती, नुकती सुरू केलेली, पुसट.

"कोण रे ते?" काकांनी विचारलं.

खांद्यावर झोळी. पट्ट्याला गाठ.