जॉर्जियाची ओळ

दार उघडल्याबरोबर, चप्पलसुद्धा न काढता नीलांबरी म्हणाली, "आश्लेषाताई, उद्या मला प्रोजेक्टमधून काढणार आहेत. आणि आई म्हणते, चूक तिची स्वतःचीच."

तिच्यामागे तिची आई, सुमित्राकाकू. लेकीकडे उन्हाळ्यापुरत्या आलेल्या. चेहरा इतका उतरलेला, की उल्हासनं स्वतःचा चहा न विचारताच त्यांच्या हातात दिला.

आश्लेषा इलिनॉय राज्यातल्या शॉमबर्गची लायसन्सवाली डिटेक्टिव्ह. उल्हास तिचा नवरा. तो दिवसभर कोड लिहायचा आणि उरलेल्या वेळात तिची गाडी ड्राइव्ह करायचा. डोकं ती चालवते, गाडी मी, असं तो ऐटीत सांगायचा.

नीलांबरीनं सगळं भराभरा सांगितलं. तिची पीएचडी पार्ट्रिज पीवर होती. इथल्या प्रेअरीत, म्हणजे गवताळ माळावर, आपसूक उगवणारी ही शेंगवर्गातली वनस्पती. तिचा इलिनॉयचा वाण वेगळा, जॉर्जियाचा वेगळा. दिसायला मात्र जुळ्या बहिणी. फरक कळतो तो फुलं येताना. इलिनॉयचा जुलैतच फुलतो. जॉर्जियाचा इथे लावला, तर रात्री चांगल्या मोठ्या होईपर्यंत, म्हणजे पार उन्हाळा सरेपर्यंत, कळीही धरत नाही.

दोन्ही वाणांची एकेक ओळ माळाच्या कडेला, कुंपणात लावली होती. नीलांबरी कॉन्फरन्सला ओहायोला गेली, परत येऊन बघते तर जॉर्जियाची ओळ मुळासकट गायब. वर प्रोफेसरांच्या हातात एक फोटो: जूनमध्ये त्याच ओळीतून पाला खुडणाऱ्या सुमित्राकाकू.

"टाकळाच वाटला हो मला," काकू पुटपुटल्या. "पेणला माझ्या माहेरी परसात असायचा. पानं हुबेहूब तशीच. दोन मुठी कोवळे शेंडे घेतले, लसणावर परतले आणि अर्ध्या बिल्डिंगला वाटले."

"पुढे?"

"पुढे काय, सगळ्यांची पोटं बिघडली," नीलांबरी म्हणाली. "आमच्याच बिल्डिंगमधला, माझ्या लॅबमधला शंतनू तर दुसऱ्या दिवशी कामालाच आला नाही. पण ताई, प्रोजेक्ट गेला की माझा स्टायपेंड जाणार. मग व्हिसाही."

आश्लेषानं गाडीची किल्ली उल्हासकडे फेकली.

माळावर ऊन रणरणत होतं. कुंपणाबाहेर गवतातून पार्ट्रिज पीची पिवळीधमक फुलं डोकावत होती. कुंपणात "जॉर्जिया" अशा पाटीमागे नुसती उकरलेली माती, आणि "इलिनॉय" पाटीमागे गच्च हिरवी ओळ.

"बाहेर हळदीकुंकवाला निघालेल्या बायका आणि आत सगळा सुतकी कारभार. आत एक फूल नाही बघ," उल्हास म्हणाला.

आश्लेषा त्याच्याकडे बघतच राहिली. मग वाकून तिनं उकरलेल्या मातीतून काहीतरी पिवळं, चुरगळलेलं उचललं आणि पाकिटात टाकलं.

"वाऱ्यानं आलं असेल बाहेरून," उल्हास म्हणाला.

"असेलही."

पलीकडच्या घरांमध्ये प्रसाद राहायचा. हे सगळं तण आहे, कापून टाका, अशा ईमेल तो सोसायटीला सारख्या करायचा. उल्हासला चोर सापडलाच. पण प्रसाद न चिडता म्हणाला, "मला चान्स मिळाला असता, तर मी गवत कापायचं मोवर घालून सगळंच सपाट केलं असतं, यार. एकच ओळ हातानं उपटत कोण बसेल? माझ्या पाठीची अवस्था माझ्या बायकोला विचारा."

शंतनू लॅबमध्ये भेटला. नीलांबरीचाच जोडीदार, दोन्ही ओळींतलं बी त्यानंच पेरलेलं. फोटो आपणच प्रोफेसरांना फॉरवर्ड केला हे त्यानं लपवलं नाही. ते विचारत होते, खोटं कसं बोलणार? जूनमधल्या त्या भाजीनंतर आपण तिकडे फिरकलोही नाही, म्हणाला. मग हळहळत त्यानं पुस्ती जोडली, "काकूंना बोल लावायला जीवावर येतं. पण झाडं चांगली फुलावर आली होती. उपटताना निदान तेवढं तरी बघायचं."

परत येताना उल्हास प्रसादचंच पुराण लावून बसला होता. आश्लेषानं तीन फोन केले आणि संध्याकाळी सगळ्यांना माळावर बोलावलं.

प्रसाद हाताची घडी घालून उभा राहिला. काकू लेकीच्या आड.

"आधी काकू," आश्लेषा म्हणाली. "टाकळा खाणारी बाई कोवळे शेंडे खुडते, झाडं उपटत नाही. आणि ज्या पाल्यानं अर्ध्या बिल्डिंगला रात्रभर जागवलं, तो घ्यायला ती परत येईल? प्रसादला सगळंच नको होतं. पण इथे कुणाला तरी नेमकी एकच ओळ नको होती. का?"

ती दुसऱ्या पाटीशी गेली.

"ही इलिनॉयची ओळ बघा. कुंपणाबाहेरचे इलिनॉयचे वाण फुलांनी लगडलेत. मग हिला एक कळीही का नाही?"

नीलांबरी पाटीकडे बघत राहिली. तिचा आवाज एकदम खाली गेला. "कारण ही जॉर्जियाची आहे."

"म्हणजे जी उपटली ती इलिनॉयची. पाटीवर जॉर्जिया, आणि भर जुलैत फुलं. एखादा दिवस उशीर झाला असता, तर पेरणाऱ्याचा घोळ आल्यागेल्यानं ओळखला असता." आश्लेषानं पाकिटातली पाकळी तळहातावर घेतली. "ही वाऱ्यानं आली असेल, मी हिच्यावर विसंबत नाही. पण शंतनू, तू जूननंतर इकडे आला नाहीस. जॉर्जियाचा वाण आत्ता फुलत नाही, हे तुला पाठ आहे. मग ती झाडं फुलावर आली होती, हे तुला कुणी सांगितलं?"



"दोन वाट्या होत्या," शंतनू म्हणाला. "घरच्या, स्टीलच्या, एकसारख्या. मटकी भिजवतो तसं बी रात्री भिजत घातलं. सकाळी रूममेटनं ओट्यावरून हलवल्या. मी अंदाजानं पेरलं. त्या ओळींवरचा रिपोर्ट माझ्या नावानं जाऊन बसला होता. मग तू ओहायोला असताना फुलं दिसली आणि... माझा व्हिसा, नीलांबरी."

"माझाही व्हिसाच होता, शंतनू."



नीलांबरीनं प्रोफेसरांचा नंबर काढला, पण बटण दाबलं नाही. काकू तिच्या आडून पुढे आल्या. लेकीच्या हातातून फोन घेऊन त्यांनी तो शंतनूपुढे धरला.

"तू सांग. तुझ्या तोंडानं. माझ्या लेकीनं का म्हणून सांगायचं?"

"काकू, मला नाही जमणार."

"पोटात ठेवलेलं बाधतं, बाळा. मी बघितलंय." पदर सावरत त्या गवतातच खाली बसल्या आणि त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. "मी आहे इथे. लाव."

शंतनूनं बटण दाबलं. पलीकडून हॅलो आलं, तेव्हाही काकूंनी त्याचं मनगट सोडलं नाही.