बाराव्या खाटेची शून्यं

शून्यं कुणीतरी चोरली आहेत. त्या आठवड्यात मी हे वाक्य दहा वेळा तरी बोलले असेन, आणि आजही ते मागे घेणार नाही. कुणी चोरली, ते मात्र विचारू नका. तेव्हा मला वाटायचं, नाव सापडलं की काम झालं.

दिवा लावलात ते बरं केलंत. खरं तर ही गोष्ट रात्रीची नाहीच. भर दुपारची आहे, दोन ते तीनची. खिडक्या उघड्या, पडदे बाजूला सारलेले. तरी सांगताना जवळ उजेड असलेला बरा.

मी रस्त्यांवरचे अपघात मोजणाऱ्या कचेरीत काम करते. कोणत्या चौकात महिन्याला किती झाले, पुढे किती होऊ शकतात, हे काढायचं. मोजून येणाऱ्या गोष्टींचं गणित वेगळं असतं. अपघात अडीच होत नाहीत. शून्य, एक, दोन, तीन असेच होतात. सरासरी ठाऊक असली की यातल्या प्रत्येक आकड्याची शक्यता सॉफ्टवेअर काढून देतं. पॉयसाँ वितरण म्हणतात त्याला. आई गेल्यावर मला वाढवणाऱ्या मावशीला हे नाव कधी उच्चारता आलं नाही. पण त्या दिवशी ती दारातच उभी राहिली, हातातलं पाकीट माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "बघ बाई, तुझ्या त्या गणितात काय लिहिलंय. मला एवढंच कळलं की मी दोषी आहे."

मावशी इस्पितळात सिस्टर; वॉर्डात सगळे तिला मोठ्या सिस्टर म्हणत. सव्वीस वर्षं झाली होती, निवृत्तीला सात महिने राहिले होते. तिच्या वॉर्डात बाराव्या खाटेवर एक म्हातारे शिंपी होते. दुपारी दोन ते तीन या तासात त्यांच्या उशाची बेल सात वेळा वाजली, अशी यंत्रात नोंद होती. कुणीच गेलं नाही. तीन वाजता पाहिलं तेव्हा ते गेलेले होते. ड्युटी मावशीची होती. तिनं जबाबात लिहून दिलं की बाराची बेल खोटी वाजते, खाट रिकामी असतानाही वाजते. चौकशी समितीनं मग खाट रिकामी होती तेवढ्या तासांच्या नोंदी घेतल्या. तासाला सरासरी दोन खोट्या बेला निघाल्या. एका तासात सात खोट्या बेला वाजण्याची शक्यता त्यांनी काढली: हजारात एक. म्हणजे बेला खऱ्या होत्या, आणि मावशीनं त्या ऐकून सोडून दिल्या. शुक्रवारी चार वाजता निकाल होता. नोकरी जाणार होतीच. पण 'सात वेळा बोलावूनही न गेलेली सिस्टर' हे नाव जन्मभर पुरणार होतं.

माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाला आकड्यांत फक्त शिक्षा दिसते, त्याच्या हाती सॉफ्टवेअर देऊच नये. मी त्या रात्री न जेवता बसले आणि तासाभरात पहिली चूक सापडली. नवशिके सगळे इथेच घसरतात. सॉफ्टवेअरला सात दिला की ते 'सात किंवा कमी' अशी बेरीज देतं. ती एकातून वजा केली की उरतं ते आठपासूनचं. सात स्वतः मधल्या मध्ये गळून पडतो. समितीला हवं होतं 'सात किंवा जास्त', आणि त्यांनी काढलं होतं 'आठ किंवा जास्त'. नीट केल्यावर हजारात एकाचं हजारात साडेचार झालं.

मी हे फोनवर सांगितलं तेव्हा मावशी म्हणाली, "म्हणजे आधी हजारात एक होते, आता साडेचार. बढतीच म्हणायची."

हसले मी. पण तोवर दुसरी गोष्ट डोळ्यात खुपायला लागली होती. बाराव्या खाटेच्या यादीत शून्यच नव्हतं. रिकाम्या खाटेचे तीन हजार तास. सरासरी दोन असेल तर त्यात चारशेच्या आसपास तास असे हवेत की बेल एकदाही वाजली नाही. एकही नव्हता.

कारण मला लगेच सुचलं. बेल वाजली तरच यंत्र ओळ लिहितं. वाजली नाही तर लिहायचं काय? शांत तासांची ओळच नसते, आणि सरासरी फुगते. आमच्याकडे अपघात न झालेल्या चौकांचं असंच होतं. उपाय सोपा: सगळ्या तासांची यादी वेगळी करायची, नोंदीशी जुळवायची, ओळ नसेल तिथे शून्य भरायचं. मात्र शून्यं भरली की सरासरी खाली येणार होती, सात खोट्या बेला आणखी अशक्य ठरणार होत्या आणि मावशी आणखी अडकणार होती. तरीही मी भरली. मावशी असली म्हणून काय झालं? खरं ते खरं.

चोवीस खाटांपैकी तेवीस खाटांत शून्यांचा पाऊस पडला. बाराव्यात एकही पडलं नाही. यादी पुन्हा जुळवली. तासांची सुरुवात कुठून धरली आहे ते तपासलं, खाटेचा क्रमांक कुठे अक्षर म्हणून लिहिला गेला आहे का ते पाहिलं. काही चूक नव्हती. तीन हजार तास, आणि भरायला एक जागा रिकामी नाही.

तेव्हा माझा संशय माणसांवर गेला. कुणीतरी बसून ही यादी लिहिली होती. मी बेलचं यंत्र सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला फोन लावला आणि त्याची उलटतपासणीच घेतली. तो वैतागला. नोंद आपोआप होते, कुलूपबंद पेटीत होते, हात लावायला जागाच नाही, असं म्हणाला. "आणि मॅडम, शून्यं चोरून मी काय त्यांचं लोणचं घालू?" फोन ठेवता ठेवता त्यानं सांगितलं की गेल्या वर्षी रंगकामाला वॉर्ड अकरा दिवस बंद होता, खाटा बाहेर काढल्या होत्या, बेलची लाइन त्यानं स्वतः तोडली होती. तेवढे दिवस तरी वगळा, तिथे सगळी शून्यंच असतील.

मी ते अकरा दिवस उघडून पाहिले. दोनशे चौसष्ट तास. तेवीस खाटांना शून्य. बाराव्या खाटेला एक. प्रत्येक तासाला एक. शून्य नाही, दोन नाही, कधी कमी कधी जास्त नाही. कुणीतरी तासातासाला हजेरी लावावी तसं.

शुक्रवारी दीड वाजता मी वॉर्डात गेले. पकडायचंच, असं ठरवून. आत चोवीस खाटा, टेबलाशी दोन सिस्टर गॉजच्या घड्या घालत होत्या. बारावी खाट रिकामी, चादर ताणून बसवलेली. शेजारी भिंतीच्याच रंगात रंगवलेलं एक लाकडी स्टूल होतं. रंग फक्त मधोमध झिजलेला. मी त्यावर बसणार, तोच फरशी पुसणारी बाई, जिला सगळा वॉर्ड आत्या म्हणतो, लगबगीनं आली.

"त्यावर नको. खुर्ची आणते."

खुर्ची आली. मी लॅपटॉप उघडून चालू नोंदींवर डोळे लावून बसले. पंखा फिरत होता. कुणीतरी खोकत होतं. हळूहळू मला एक वास जाणवला... ओल्या रंगाचा. रंगकामाला वर्ष होऊन गेलं होतं. खाट अकराकडे गेले, वास नाही. तेराकडे नाही. बाराकडे परत आले, की आहे.

दोन वाजून अकरा मिनिटांनी बेल वाजली. अगदी हलकी. खाटेवरचा लाल दिवा लागला. टेबलाशी दोघींनी मानही वर केली नाही. थोड्या वेळानं भिंतीत टक्क असा आवाज झाला आणि दिवा विझला. तो आवाज बटणाचा होता. रुग्णापाशी पोचलेली सिस्टर बेल बंद करायला भिंतीवरचं बटण दाबते, ते. ते बटण स्टुलावर बसलेल्या माणसाच्या हाताशी येईल इतक्या उंचीवर होतं.

मी खाटेखाली वाकून पाहिलं. भिंतीवर कान लावला. भिंतीपलीकडे कोठार होतं; कुलूप काढायला लावून तेही पाहिलं. चादरींचे गठ्ठे. वायर नाही, माणूस नाही. मग मी बटणापाशीच उभी राहिले, स्टूल आणि भिंत यांच्या मधे.

दोन सव्वीसला पुन्हा बेल. लाल दिवा लागला. मी हलले नाही. एक मिनिट झालं. दीड. दिवा तसाच. दोन मिनिटं. आता पहिल्यांदाच टेबलाशी बसलेली धाकटी सिस्टर वर पाहत होती.

"मॅडम," ती हळू म्हणाली, "बाजूला व्हा ना..."

"का?"

"व्हा ना तुम्ही..."

मी दोन पावलं मागे सरले. टक्क. बटण माझ्या डोळ्यांदेखत आत गेलं, आणि बोट उचलल्यावर येतं तसं सावकाश बाहेर आलं.

मी खुर्चीत येऊन बसले. डोकं चालूच होतं. माझं ते थांबत नाही, हीच खोड आहे. नोंदीत एक रकाना होता, तो मी आजवर उघडलाच नव्हता, कारण मोजायला लागत नव्हता. उत्तराची वेळ. बेल वाजल्यावर बटण कधी दाबलं गेलं ती. उघडला. आत्ता मी अडवलेली सोडली तर बाराव्या खाटेच्या प्रत्येक बेलला उत्तर होतं, मिनिटाच्या आत. रंगकामाच्या अकरा दिवसांतही. दोन वर्षांत फक्त सात बेलांपुढे जागा कोरी होती. त्या दुपारच्या सात. पहिली दोन वाजून चार मिनिटांनी.

मावशी समितीच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. नुकतेच इस्त्री केलेले कपडे, मांडीवर पर्स. मी शेजारी बसले.

"मावशी, बाराकडे तुम्ही कुणीच जात नव्हता?"

तिनं पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. "जावं लागत नव्हतं गं," ती म्हणाली. पहिल्यांदा घाबरलो, मग सवय झाली, असं तिनं सांगितलं. चोवीस खाटा आणि दोघी जणी. एक खाट कुणी बघतंय, तर बघू दे.

"कोण?"

"विचारलं नाही. विचारलं असतं तर थांबलं असतं."

"मग त्या दिवशी काय झालं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की बघायची, तशी. "त्या दिवशी मलाच वाटलं, आपण जाऊन यावं. म्हातारा छान होता बोलायला. उठले... आणि तुझा फोन आला."

मी मोबाइल काढला. दोन वाजून पाच मिनिटं. एक्केचाळीस मिनिटांचं बोलणं. मला सगळं आठवलं. आमच्या कचेरीत लोक कामं कशी टाळतात, फोन वाजत असतात आणि कुणी उचलत नाही, या देशाचं काय होणार. मावशी मधेच म्हणाली होती, जरा बाराकडे बघून येते. मी म्हणाले होते, तेवढं ऐक आधी. ती कॉरिडॉरमध्ये गेली होती, माझा आवाज नीट यावा म्हणून.

चार वाजता आत बोलावलं. मी गळलेला सात दाखवला, नसलेली शून्यं दाखवली, तुटलेल्या लाइनवर तासातासाला वाजलेली बेल दाखवली. खोटं एक अक्षर बोलले नाही. फक्त एक रकाना उघडला नाही. अध्यक्ष असलेल्या डॉक्टरांनी चष्मा काढला आणि बेलचं यंत्रच बिघडलेलं आहे, सिस्टरांवर ठपका नाही, असं लिहून घेतलं. मावशी टेबलाकडे बघत होती. कोपऱ्यात शिंप्यांची मुलगी बसली होती. तिनं फार हळू विचारलं, बाबांनी सात वेळा बोलावलं, एवढं तरी खरं ना? डॉक्टर म्हणाले, तेच तर आता सांगता येत नाही. मला सांगता येत होतं. मी लॅपटॉप मिटला.

चार्जर वॉर्डात राहिला होता. घ्यायला गेले तर आत्या बाराव्या खाटेपाशी फरशी पुसत होती. सगळी खाट सरकवून पुसली तिनं, स्टूल मात्र जागचं हलवलं नाही. त्याच्या पायांभोवतीनं फडकं फिरवलं. मी निघणार होते. तरी तोंडातून गेलंच, की दोन वर्षं एकही बेल चुकली नाही, मग त्याच दुपारी का?

आत्यानं फडकं पिळलं, बादलीत टाकलं आणि स्टुलाकडे न बघता म्हणाली, "मोठ्या सिस्टर उठल्या होत्या ना त्या दिवशी. दोन पावलं टाकलीसुद्धा. ते तिनं पाहिलं, म्हणून ती स्टुलावरच बसून राहिली."