पूर्वीची अडचण

ओहोटी लागली होती आणि अलिबागच्या घट्ट वाळूवर मी पूर्वीला पळवत होते. नेमका आमच्या वाटेत एक उंच माणूस शहाळं घेऊन उभा! मी शिट्टी मारली, तरी ढिम्म. मग तावातावाने गेलेच.

"रागवा, पण आधी तिला थांबवा," तो म्हणाला. "डावा पाय वाचवून पळतेय ती."

हा प्रज्योत, गावातल्याच दवाखान्यातला फिजिओ. हसला की गालाला खळी पडायची... माझा राग तिथेच निम्मा उतरला, खोटं कशाला बोलू?

पूर्वी सोळा वर्षांची, माझ्या हाताखालची सगळ्यात वेगवान मुलगी. दहा दिवसांवर राज्य संघाची निवड. प्रज्योतने तिची नडगी दाबली तशी ती कळवळली. कधीपासून दुखतंय वगैरे विचारून झाल्यावर तो सहज म्हणाला, "बाकी काही अडचण?"

पूर्वी लाजली. "अडचण न्हाय सर. सात महिने न्हाय."

तो गोंधळला. आमच्याकडच्या बायका पाळीला अडचणच म्हणतात, हे मी त्याला सांगितलं. वर कौतुकाने म्हणाले, बरंच आहे की, एकही सराव बुडत नाही.

त्याची खळी दिसेनाशी झाली. पळणं जास्त आणि खाणं कमी झालं की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडं कमजोर होतात, असं त्याने समजावलं. मग पूर्वीकडून ती काय जेवते ते ऐकून विचारलं, हिचा रात्रीचा भात कोणी बंद केला?

मीच केला होता. आणि सतराव्या वर्षी माझी नडगी अशीच पळता पळता तडकली, माझं पळणं संपलं, त्याआधी वर्षभर मलाही 'अडचण' नव्हती. मी त्या सगळ्याला नशीब म्हणत आले होते.

तपासणीत हाडाला बारीक चीर निघाली. डॉक्टरीणबाईंनी पळणं बंद केलं, खाणं वाढवलं. निवडीतून नाव मीच काढलं. पूर्वी महिनाभर माझ्याशी बोलली नाही. पण तिची आई, केसरताई, भात, अंडी, मासळी समोर बसून खायला घालत होती.

प्रज्योत दर रविवारी यायचा. पाच मिनिटं पूर्वीचा पाय बघायचा, तासभर माझ्याशी भांडायचा.

"पाय तिचा दुखतोय. माझ्याकडे काय बघता?"

"तुमचं दुखणं जुनं आहे, हेमाली मॅडम... वेळ लागेल."

पाचव्या महिन्यातल्या एका रविवारी पूर्वी लांबूनच ओरडत आली, "मॅडम, पाळी आली!"

किनाऱ्यावरची माणसं वळून बघायला लागली. बघू देत! मी आनंदाने उडी मारली आणि प्रज्योतला घट्ट मिठी मारली. भान आलं तेव्हा कान तापले होते.

"तुम्ही इथे नसता ना," मी कसंबसं म्हणाले, "तर दवाखान्यापर्यंत पळत आले असते... पहिल्यांदा तुम्हालाच सांगायला."

तो म्हणाला, "आई पालीला असते. रोज विचारते, सून कधी आणतोस म्हणून. येशील?"

येशील... छाती अशी धडधडत होती, जणू शर्यत मीच जिंकले होते.

"येते की," मी म्हणाले. "आजच चल."