नदीपलीकडचं चॅनेल

दार उघडलं तर समोर एक उंच तरुण. खांद्यावर वायरींचं वेटोळं, नाकावर धुळीचा पट्टा. “केबलवाला... मी रॉइस,” तो म्हणाला आणि मार्नीकडे बघतच राहिला. मार्नीनेही, का कोण जाणे, केस मागे सारले.

तक्रार साधी होती. मार्नीची धाकटी बहीण ट्रुडी यंदा नेब्रास्कातल्या कॉलेजच्या व्हॉलीबॉल संघात होती. शनिवारी तिचा पहिला सामना, आणि तो दाखवणार फक्त कॉलेजच्या खेळांचं तिकडचं चॅनेल. आई गेल्यापासून बाबांनी पोरीचा शाळेतला एकही सामना चुकवला नव्हता. पण आता त्यांचा पाय प्लास्टरमध्ये. तीन तासांचा प्रवास कुठला झेपायला! आणि टीव्हीवर नुसता काळा पडदा.

सोमवारी रॉइसने बॉक्स बदलला. बुधवारी वायर बदलली. दोन्ही वेळा बसून जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे, खाल्ले, बाबांशी गप्पा ठोकल्या, निघताना फाटकाशी रेंगाळला.

“दिसेल ना हो शनिवारी?” मार्नी विचारायची.

“बघू या...” म्हणताना त्याचे कान लालबुंद!

मार्नी पुरती गोंधळली. हा बॉक्स बघायला येतो, की... छे! काहीतरीच!

शुक्रवारी तिने कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, “अहो मॅडम, ते चॅनेल आम्ही नदीपलीकडे, नेब्रास्कातच देतो. तुम्ही पडलात आयोवात. चॅनेलशी करारच तसा आहे. आमच्या माणसाने पहिल्याच दिवशी सांगितलं असेल की!”

मार्नीच्या डोक्यात तिडीक गेली. दुपारी रॉइस आला तशी ती दारातच उभी ठाकली.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग बॉक्स कशाला बदललात? वायर कशाला?”

“काहीतरी बदलायला नको? नाहीतर परत कसा आलो असतो...”

“शाबास! आणि बाबांनी उद्या काळ्या पडद्याला टाळ्या वाजवायच्या?”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. “चुकलं माझं. तुम्हाला पाहिलं आणि ‘जमणार नाही’ हे जिभेवर येईचना. पण — पुलापलीकडे माझ्या आईचं घर आहे. तिथे दिसतं. व्हॅनमध्ये बाबांना पाय लांब करून बसता येईल. आईला सांगूनही ठेवलंय.”

“काय सांगितलंत? कोण येतंय म्हणून?”

“गिऱ्हाईक म्हणालो... ती हसायलाच लागली.”

मार्नीला रागवावं की हसावं, कळेना. एवढ्यात आतून बाबा ओरडले, “अगं, भांडण नंतर कर! किती वाजता निघायचं ते विचार!”

शनिवारी ट्रुडीची पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली. दुसरी मात्र अशी पडली की समोरच्या पोरी बघतच राहिल्या. बाबा प्लास्टरसकट उठायला निघाले. रॉइसच्या आईने त्यांना दंडाला धरून खाली बसवलं. बाबांचे डोळे वाहत होते. ते बघून मार्नीलाही भरून आलं.

शेजारून रॉइस कुजबुजला, “आता सोमवारी काय बिघडलंय म्हणून येऊ?”

“काहीही बिघडलेलं नाही, म्हणून ये,” मार्नी म्हणाली, आणि तिने त्याचा हात हातात घेतला.