साक्षीदाराचं घड्याळ

पहिल्याच दिवशी लिफ्टच्या दारात ती त्याच्यावर आदळली आणि वर त्यालाच म्हणाली, "दिसत नाही का?"

"नाही," तो हसून म्हणाला, "पण तुमचा आवाज छान आहे."

तिला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. अंध प्रेक्षकांसाठी सिनेमातली दृश्यं शब्दांत मांडायची, हे तिचं काम. स्वतः अंध असलेला तो ते शब्द ऐकून तपासायचा. दोन वर्षांत ती त्याच्या प्रेमात आकंठ बुडाली, पण त्याच्या मनाचा काही थांगपत्ता लागेना. शेवटी तिने दुसऱ्या शहरात नोकरी शोधली. काम हेच, फक्त तिथे हा नव्हता. आज पाचपर्यंत होकार कळवायचा होता. त्याला मात्र तिने ठोकून दिलं होतं, "सोमवारपासून रजेवर जातेय."

साडेचार वाजले तरी एक दृश्य अडलेलंच होतं. मालकासाठी खोटी साक्ष दिलेला कारकून पुन्हा कोर्टात उभा. वकिलाचा प्रश्न. चार सेकंद शांतता. मग, "मी खोटं बोललो होतो."

तिने वाचलं, "कारकुनाला पश्चात्ताप होतो."

"लेखिकाबाई, पश्चात्ताप दिसला कुठे तुम्हाला?" त्याने तिला धारेवर धरलं. "दिसतं तेवढंच सांगायचं. मधे टक् असं वाजलं, ते काय?"

तिने दृश्य मागे नेलं आणि चपापली. "तो... मनगटावरचं घड्याळ काढून कठड्यावर ठेवतो. मालकाने दिलेलं." ती ते टाइप करू लागली.

"म्हणजे तोंड उघडण्याआधीच तो बदलला होता! हातांना आधी कळतं —" तो थबकला. "तुमचं टायपिंग का थांबलं?"

तिने फोनकडे पाहिलं. पाचला दहाच मिनिटं होती.

"चार सेकंद झाले," तो हळूच म्हणाला. "काय दिसतंय?"

"बाई... फोन हातात घेते. रजेचं खोटं होतं. ती नोकरी सोडून चालली होती... तुम्हाला न सांगता."

रागवावं तरी त्याने!

"बोला ना काहीतरी!"

"बोलणं जमत नाहीये... हात बघा."

तिने पाहिलं. हेडफोनची वायर त्याने बोटांभोवती इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती.

"मी येत नाही," एवढाच मेसेज तिने नव्या ऑफिसला पाठवला आणि फोन टेबलावर ठेवला. टक्.

"हे... काय होतं?" त्याने श्वास रोखून विचारलं.

"घड्याळ," ती म्हणाली, आणि वायरचा एकेक वेढा सोडवत तिने त्याचा हात हातात घेतला.