व्हिसा येऊ नये म्हणून

सम्यक मढच्या त्या बंगल्यात शिरला तेव्हा नवरी मांडवात एकटीच बसली होती. मित्राची, हर्षदची बायको राजस्थानकडची, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून घुंगट पाहून काही नवल वाटलं नाही. उशीर तर झालाच होता. तो सरळ मांडवात चढला, नवरीच्या हातात आहेराचं पाकीट ठेवलं आणि म्हणाला, "अभिनंदन, वहिनी! हर्षद कुठे आहे?"

"कट!" कोणीतरी ओरडलं.

घुंगटाआडून खिदळणं ऐकू आलं. सम्यकनं वर पाहिलं तर दिवे, कॅमेरे, आणि डोक्याला हात लावून बसलेला एक माणूस. हर्षदचं लग्न शेजारच्या बंगल्यात होतं. इथे मालिकेचं शूटिंग चाललं होतं. तेवढ्यात त्याची सहा वर्षांची लेक तेजल ताटातला लाडू तोंडात कोंबून रडायला लागली. लाडू थर्माकोलचा!

"थुंक! थुंक आधी!" घोळक्यातून एक बाई धावत आली. तिनं पोरीच्या तोंडात बोट घालून तुकडा बाहेर काढला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, केस कसेतरी वर बांधलेले. ही यव्होन. बंगला तिच्या आजोबांनी बांधलेला. शूटिंगवाल्यांनी भिंतीत खिळे ठोकू नयेत म्हणून ती दिवसभर पहाऱ्याला बसायची.

"खरंच माफ करा, म्हणजे माझंच लक्ष... मुळात या जागेची रचनाच अशी आहे की—"

"भाषण नंतर," यव्होन म्हणाली. "आधी पाकीट परत घ्या. ती परवाच्या भागात नवऱ्याला सोडणार आहे."

सम्यक हसला. तोंडभर, डोळ्यांच्या कडांपर्यंत. यव्होनला उगाचच किल्ल्या मोजाव्याशा वाटल्या.

लग्न आटोपल्यावर तो पुन्हा आला, पोरीला तिच्याकडून गूळपाणी मिळालं होतं त्याचे आभार मानायला. दुसऱ्या रविवारी आला, आभार नीट मानायचे राहिले म्हणून. तिसऱ्या रविवारी कारण न सांगताच आला. वर्सोव्याहून फेरीबोटीनं, लेकीचं बोट धरून. त्याची आई घाटकोपरला, तिथून मढ म्हणजे काही जवळ नव्हे. इतकं उन्हातान्हात कोणी समुद्र बघायला येत नाही, एवढं यव्होनलाही कळत होतं.

परदेशातल्या एका विद्यापीठात तो समाजशास्त्र शिकवायचा. तेजलची आई तीन वर्षांमागे आजारपणात गेली. मित्राच्या लग्नाला म्हणून आला, पासपोर्ट व्हिसाच्या शिक्क्यासाठी वकिलातीत अडकला, तसा तोही इथेच अडकला. शिकवणं कॉम्प्युटरवरून चाललं होतं. मधल्या वेळात त्याला विचार सुचायचे, आणि सुचले की तो ते यव्होनला मोबाइलवर पाठवायचा. वीतभर लांब.

"आज तेजलची वेणी घातली. तीन पेड सारखे करणं हे लोकशाहीपेक्षा अवघड आहे. एक पेड नेहमी दुसऱ्यांना खातो."

यव्होनचं उत्तर एका ओळीचं. "फणी ओली कर."

एकदा त्यानं लिहिलं, "तिकडे रोज सकाळी नवा नियम निघतो, आणि आपण तिथले की उपरे, ते त्या दिवसापुरतं ठरतं. इथे भाड्याचं घर बघायला गेलो तर मालक आधी आडनाव विचारतो, मग जागा नाही म्हणतो. तिथे देश विचारतात, इथे जात. माणूस घरी कुठे जातो मग?"

हे मात्र तिनं दोनदा वाचलं.  मग लिहिलं, "आमच्या गल्लीत फक्त मासे खातोस का विचारतात. ये. सुरमई आणलीय."

तेव्हापासून 'तुम्ही' गेलं ते गेलंच.

ग्रेसबाई, यव्होनची आई, हे सगळं ओट्यावरून बघायची. "प्रोफेसर बोलतो फार," ती म्हणायची. "पण ताट स्वतः धुतो. माझ्या नशिबाला आला तो ना बोलायचा, ना धुवायचा."

"माय, तो जाणारा माणूस आहे."

"मग तू घरातल्या मेणबत्त्या कुठे संपवतेस?"

 दर रविवारी सम्यक गेला की यव्होन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसापाशी मेणबत्ती लावायची. मागणं एकच... व्हिसा येऊ नये. पाप आहे हे कळत होतं. घाटकोपरला त्याची आई व्हिसा यावा म्हणून डोळे लावून बसलेली, आणि ही इथे आडवी आलेली. पण मेणबत्ती हातात घेतली की दुसरं काही तोंडात येतच नव्हतं.

मार्च लागला. एका शनिवारी तेजलला यव्होनकडे ठेवून सम्यक कामासाठी शहरात गेला होता. धक्क्याजवळ ग्रेसबाई आणि यव्होन बांबूच्या वलांडीवर टांगून वाळवलेले बोंबील काढत होत्या, तेजल पाटीत टाकत होती.

"बाबाचा पासपोर्ट आला ना," पोरगी मध्येच म्हणाली. "आजीनं तांदळाच्या डब्यात लपवलाय. चोर नेतील म्हणून."

यव्होन तिच्याकडे वळली. "कधी आला गं?"

"माझा दात पडला तेव्हा."

दात पडून त्या जागी नवा डोकावायलाही लागला होता.

सांजेची फेरीबोट लागली तेव्हा यव्होन धक्क्याच्या टोकाला उभी होती. सम्यक एक पाय बाहेर टाकतो न टाकतो तोच तिनं विचारलं, "पासपोर्ट कधी आला?"

त्याचा पाय हवेतच राहिला. "तेजल बोलली?"

"तिच्या तोंडात दात नाही, पण खोटंही नाही. तुझं सांग."

"झाले... बरेच दिवस."

"आणि मी येडी इथे मेणबत्त्या जाळतेय! तुझा व्हिसा येऊ नये म्हणून. हस ना आता!"

तो हसला नाही. बोटीतून उतरला, तिच्यासमोर उभा राहिला. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर आले होते. ते बाजूला करायला त्याचा हात उचलला गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"आमच्यात नवस बोलत नाहीत, यव्होन. ठरवतात. मी ठरवलंय. देवनारला शिकवायची जागा होती, तिथे दोनदा मुलाखत दिली. आज हो म्हणाले. अर्धवट सांगून तुला टांगून ठेवायचं नव्हतं. उद्या जातोय, विद्यापीठ आता वर्गात बोलावतंय आणि विद्यार्थ्यांचं वर्ष मध्येच सोडता येत नाही. मे संपताना परत. तेजल आईकडेच राहील."

"परत म्हणजे... सुट्टीला?"

"कायमचा. तू नाही म्हणालीस तरी." तो अडखळला. "हो म्हणालीस तर... जास्त बरं."

लाटा धक्क्याला आपटत होत्या. यव्होननं डोळे पुसले, पण रागानं पुसल्यासारखे.

"तुझ्या आईला माहीत आहे?"

"अर्धं."

"कुठलं अर्धं?"

"देवनारचं. तुझं सांगायला बसतो, पण मग... ते भाषण होतं गं. फुले, आंबेडकरांपासून सुरू होतं आणि तुझ्यापर्यंत येईस्तो आई झोपते."

बोटवाल्यानं परतीची हाक दिली. यव्होननं त्याच्या शर्टाची बाही धरली आणि त्याला वळवून पुन्हा बोटीत ढकललं. मागोमाग स्वतः उडी मारली.

"अगं, कुठे?"

"घाटकोपरला. तुझ्या आईला मी सांगते. दोन वाक्यांत."

"आत्ता? मुलीकडच्यांनी असं जायचं असतं का?"

"तुझ्या भरवशावर राहिले तर जून येईल."

बोट सुटली. तेवढ्यात धक्क्यावरून ग्रेसबाई धावत आली, एका हातात तेजल, दुसऱ्या हातात कागदाची पुडी.

"यव्होन! रिकाम्या हातानं सासरी कोण जातं गं, बेअक्कल?"

आणि तिनं बोंबलांची पुडी पाण्यावरून अशी भिरकावली की सम्यकला ती दोन्ही हातांनी छातीशी झेलावी लागली.