पाळीची काठी

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याच्या ओंजळीत आमची चारं होती.

वैशाखातली सकाळ होती आणि जंगलराखणीची पाळी माझी. हा अनोळखी माणूस मोटरसायकल उभी करून, चाराची, म्हणजे चारोळीच्या झाडाची, फांदी वाकवून अर्धकच्ची फळं तोंडात टाकत होता. अगदी घरची असल्यासारखी!

"तोडाचा दिवस ग्रामसभेनं अजून ठरवला नाई," मी काठी आपटली. "काऊन तोडून राह्यले?"

"भूक लागलती..." त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात जांभळा डाग होता. मला हसू आलं, पण मी ते दाबलं आणि त्याला सरळ ग्रामसभेपुढे उभं केलं.

त्याला पाहताच आमचे अध्यक्ष तानबाकाका हात जोडून उठले. माझा चोर म्हणजे अनुप थूल, आर्वीचा, जंगल राखणाऱ्या गावांना अनुदान देणाऱ्या संस्थेचा साहेब निघाला. सगळे गप्प झाले. मी कशाला गप्प बसू? मी नियम वाचून दाखवला... चोरून तोडणाऱ्याने एक दिवस राखण करायची.

"करतो," तो म्हणाला, माझ्याकडेच बघत. माझे कान तापले.

दिवसभर तो माझ्यामागे हिंडला. पाळी कोण ठरवतं, त्याने विचारलं. मी सांगितलं, संध्याकाळी ही काठी ज्याच्या दाराशी ठेवली, त्याची उद्याची पाळी. नाही म्हणायची सोय नाही.

"माह्या दाराशी ठेवसान?"

"पाहुण्याले पाळी नसते, साहेब."

मग तो दर आठवड्याला कागद घेऊन येऊ लागला. कागदांइतकाच माझ्यासाठीही येतो, हे गावाला माझ्याआधी कळलं. अनुदान आलं तर रोपवाटिका होणार होती, तीन वर्षं गावातच काम मिळणार होतं, माझा भाऊ हेमराज नागपूरहून परत येणार होता. फक्त करारातली सातवी अट नडली. राखण संस्थेचे पहारेकरी करतील, ग्रामसभा नुसती लाभार्थी. आणि सचिव म्हणून सही माझी, स्वीटी उईकेची.

"सही कर, स्वीटी. अट मंग बदलवू," तो म्हणाला. पहिल्यांदाच अहोजाहो सुटलं होतं.

"या जंगलाच्या हक्कासाठी माह्या मायनं नऊ वर्षं कचेऱ्यांचे खेटे घातले. तिथं मी लाभार्थी? नाई करत."

"अनुदान जाईन."

"जाऊ दे."

"मंग मीबी येणार नाई..."

हेमराजचा चेहरा आठवला. "तरी नाई," मी म्हणाले. घरी जाऊन रडले, पण सही केली नाही.

आठ दिवसांनी त्याने वर पाठवलेल्या अहवालाची प्रत आली. तानबाकाकांनी ती सभेत वाचली. 'बाहेरच्या पहारेकऱ्यांची गरज नाही. चारोळी चोरणाऱ्या एका इसमाला या गावाने पकडले व त्याचे पद न पाहता शिक्षा दिली. तो इसम मी स्वतः आहे.' सभा खदखदून हसली. मला हसता आलं नाही. या माणसाने माझ्या हट्टापायी आपली नोकरी पणाला लावली होती, आणि मला तो फार आवडत होता.

महिन्याभराने उत्तर आलं. अट रद्द, ग्रामसभा बरोबरीची भागीदार. अनुपला मात्र या कामावरून काढून वर्ध्याच्या ऑफिसात बसवलं होतं. मी सही केली, आणि त्याच्या अहवालाची प्रत घरी नेऊन जपून ठेवली.

त्या रविवारी तो एसटीतून उतरला. बॅग नाही, कागद नाहीत. पारावर तानबाकाकांसकट अर्धं गाव बसलेलं.

"कोणत्या कामानं आले?" मी विचारलं.

"काम नाई. आता साहेबबी नाई." त्याने पारावरच्या सगळ्यांकडे पाहिलं. "तुले पाहाले आलो. येतच राहीन म्हणतो, तू हाव म्हणत असशीन तं."

त्या दिवशी पाळी माझीच होती. मी हातातली काठी सगळ्यांदेखत त्याच्या खांद्याशी टेकवून ठेवली.

"अवं पोरी," तानबाकाका म्हणाले, "पाहुण्याले पाळी नसते."

"मालूम हाय, काका. हा पाहुणा नाई."

अनुपने काठी उचलली आणि मला विचारलं, सकाळी किती वाजता निघायचं.